झाकली मूठ : एका न बोललेल्या दुखण्याचा इतिहास

आमच्या काचिगुड्याच्या घरी मोठ्या काकू होत्या. पहाटे उठून सडा घालणे, चातुर्मासात पोथी लावणे आणि वर्षातून एकदा पंढरीला जाणे हा त्यांचा नेम होता. हैदराबादेहून वाडी, सोलापूर करीत कुर्डुवाडीस उतरावयाचे आणि तेथून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने पंढरपूर गाठावयाचे, या प्रवासाचे वर्णन त्या आम्हा मुलांना इतक्या रंगवून सांगत की आम्हीही मनाने चंद्रभागेत डुंबून येत असू. साधारण १९७० च्या पुढे त्यांनी ही वारी बंद केली. मग शेजारच्या आळीतील कीर्तन सुटले, नंतर हळदीकुंकू सुटले. कोणी विचारले तर त्या म्हणत, ''गुडघे धरतात हो.'' आम्ही ते खरे मानले. घरात तेल होते, लेप होते, गुडघ्यांना रोज शेक दिला जाई.

१९८१ साली काकू गेल्या. त्यांच्या खोलीची आवराआवर करताना बाजेखालच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यांचे फाडलेले तुकडे निघाले. सगळे स्वच्छ धुतलेले, एकसारख्या घड्या घातलेले, शेकडोंनी. माझ्या आईने ते पाहिले आणि ट्रंकेचे झाकण लावले. आम्हा पुरुषांना त्याचा अर्थ कळला नाही, आणि ज्या बायकांना कळला त्या बोलल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी आईने मला एका वाक्यात सांगितले, ''वन्संना लघवी ठरत नसे. शेवटच्या बाळंतपणापासून अंगही बाहेर येई.'' म्हणजे गुडघे नुसते नावाला होते. देवळात दोन तास बसणे आणि आगगाडीत बारा तास काढणे त्यांना अशक्य झाले होते, आणि हे एकाही माणसाजवळ बोलण्याची सोय त्यांना आपल्या भरल्या घरात नव्हती.

साहित्याच्या पत्रिकेत हा विषय का, असे काही वाचकांस वाटेल. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि दफ्तरे एवढाच नव्हे, हे आपण आता मान्य केले आहे. मग जे दुखणे घराघरांत होते व आहे, त्याचाही इतिहास लिहिला पाहिजे. तो पाहू लागल्यावर मला एका गोष्टीचे फार आश्चर्य वाटले. या दुखण्यावर शस्त्राविना उपचार करता येतो, ही जाण फार जुनी आहे. विसाव्या शतकात ती मोजमापाने तपासली गेली आणि बऱ्याच अंशी खरी ठरली. तरीही ती आपल्या बायकांपर्यंत पोचली नाही. त्यांच्या वाट्याला एक तर मौन आले, नाही तर सुरी.

प्रथम दुखणे काय ते साध्या शब्दांत सांगतो. कमरेच्या हाडांच्या तळाशी, पुढच्या हाडापासून पाठीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीवर विसावलेले असतात. वैद्यकाच्या पुस्तकांत तिला श्रोणितल म्हणतात. आपण खोकतो, शिंकतो, हंडा उचलतो, तेव्हा पोटातला दाब वाढतो आणि त्याच क्षणी ही झोळी आपोआप आवळून मूत्रमार्ग मिटून धरते. बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात, कधी फाटतात, त्यांच्या नसांना इजा होते. पुढे जड ओझी, जुनाट खोकला, मलावरोध, वाढलेले वजन आणि पाळी गेल्यानंतरची क्षीणता यांची त्यात भर पडते. मग खोकल्याबरोबर लघवी सुटते, किंवा घाई होऊन मोरीपर्यंत पोचवत नाही, किंवा गर्भाशय खाली सरकून 'अंग बाहेर येते'. पुरुषही यातून सुटत नाहीत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना काही काळ हाच त्रास होतो. परंतु मुख्य भार स्त्रियांवरच पडला आहे.

आपल्या प्राचीनांना हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय योनिव्यापदांचा, म्हणजे स्त्रीरोगांचा आहे. तेथे असे वीस विकार मोजले असून 'महायोनी' या नावाखाली जे वर्णन येते ते अंग बाहेर येण्याशी जुळते. उपचार म्हणून स्नेहन, स्वेदन, सरकलेला अवयव हाताने जागेवर बसविणे आणि औषधी तेलात भिजविलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, आत ठेवणे असे उपाय सांगितले आहेत. ग्रीक वैद्यही याच विचाराचे होते. ते आधारासाठी डाळिंबाची अर्धी फोड वापरीत. साधन बोळ्याचे असो वा फळाचे, सुटलेल्याला खालून आधार द्यावा ही कल्पना एकच.

घरगुती परंपरेत ही जाण बाळंतिणीच्या खोलीत टिकली. सव्वा महिना बाजेवर विश्रांती, अंगाला तेल, बाळंतशेपा-ओव्याची धुरी, बाजेखाली शेगडी, पोटाला घट्ट बांधलेले लुगडे आणि ओझे न उचलण्याची सक्त ताकीद, हे सर्व आपल्या आज्या-पणज्यांनी पाळले. या परंपरेचा गौरव करताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. विश्रांती आणि ओझ्यावरची बंदी यांत अर्थ होता, यात शंका नाही. परंतु पोट करकचून बांधल्याने श्रोणितल सावरते याला पुरावा नाही. उलट वरून पडणारा दाब खालीच जातो. आणि ही विश्रांतीही सर्वांना मिळाली नाही. आमच्या काकू सोवळ्याच्या घरातल्या होत्या, तरी सहाव्या बाळंतपणानंतर, घरात दुसरे करणारे कोणी नसल्याने, त्यांनी पंधराव्या दिवशी विहिरीचे पाणी शेंदले होते. मराठवाड्यातल्या शेतमजूर बाईला तर आठवडाही मिळत नसे.

ही घरातली विद्या आणि पश्चिमेचे नवे वैद्यक यांना एकत्र आणण्याचा विचार ज्यांच्या मनात आला असावा, त्या एक मराठी स्त्रीच होत्या. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्याच शहरात त्यांच्या आधीच्या पिढीतील प्राध्यापक ह्यू लेनॉक्स हॉज यांनी सरकलेल्या गर्भाशयासाठी आधाराची कडी घडविली होती आणि ती पुढे त्यांच्याच नावाने जगभर ओळखली गेली. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षात वारल्या. आणखी तीस वर्षे लाभती, तर आपल्या सुइणींच्या ज्ञानातले काय ठेवावे आणि काय टाकावे हे सांगणारे एक माणूस महाराष्ट्राला लाभले असते. ते व्हावयाचे नव्हते.

तेवढ्यात शस्त्रक्रियेचे युग आले, आणि त्यात आपल्या हैदराबादचाही हात आहे. क्लोरोफॉर्मचा उपयोग १८४७ पासून सुरू झाला होता. पण तो देताना रोगी दगावत, आणि मृत्यू हृदय बंद पडून येतो की श्वास, यावर वाद माजला होता. तो सोडविण्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाखाली १८८८ आणि १८८९ साली येथे दोन आयोग बसले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी त्यांचे प्रवर्तक होते. त्यांचे काही निष्कर्ष पुढे अपुरे ठरले, पण भूल सावधपणे कशी द्यावी याची चर्चा हैदराबादेतून जगभर गेली. त्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या जगातील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत गणल्या जातात. भूल आली, पाठोपाठ निर्जंतुकीकरण आले, आणि जी शस्त्रक्रिया पूर्वी प्राणसंकट होती ती शक्य कोटीत आली.

तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. गोव्यातील शिरोड्याला १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत नावारूपास आले. गर्भपात वारंवार होणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी योजिलेला टाका आजही 'शिरोडकर टाका' म्हणून जगात शिकविला जातो. अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांना पुढे मूल हवे असते, म्हणून त्यांचे गर्भाशय न काढता पट्टीने उचलून बांधण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसविली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा निष्णात शल्यविशारद अवयव राखण्यासाठी सुरी हाती घेत होता. पुढच्या काळात ही दृष्टी सर्वत्र राहिली नाही.

शस्त्राविना वाट शोधणारेही याच सुमारास कामास लागले होते. हठयोगाच्या ग्रंथांत मूलबंध सांगितला आहे. टाचेने शिवणीवर दाब देऊन गुदद्वार आवळावयाचे आणि अपान वर ओढावयाचा, असे त्याचे स्वरूप. आवळले जातात ते स्नायू म्हणजे हीच श्रोणितलाची झोळी. या क्रियांना श्रद्धेच्या कोशातून काढून प्रयोगशाळेत नेण्याचे काम एका मराठी माणसाने केले. १८८३ साली बडोदे संस्थानातील डभोई येथे जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि 'योगमीमांसा' हे संशोधन-पत्र सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत काय होते हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले व दाबमापकाने मोजले. त्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे त्यांना आढळले. आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्या पोकळीला त्यांनी 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. स्त्रियांच्या या दुखण्यावर उपचार करणे हा त्यांचा हेतू नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण शरीराच्या तळच्या स्नायूंवर माणसाची हुकमत चालू शकते आणि तिचा परिणाम मोजता येतो, ही शिस्त त्यांनी घालून दिली.

इंग्लंडात १९३६ च्या सुमारास मार्गारेट मॉरिस यांनी बाळंतिणींसाठी हेच स्नायू आवळण्याचे व्यायाम मांडले. खरी प्रसिद्धी मात्र अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांना मिळाली. शस्त्रक्रियेने दुरुस्त केलेल्या स्त्रियांना त्रास पुन्हा होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. स्नायूच दुबळे राहिले असतील तर शिवण किती दिवस धरणार, हा त्यांचा प्रश्न होता. पुष्कळ स्त्रियांना 'हे स्नायू आवळा' म्हटले तर नेमके काय आवळावयाचे ते उमगत नसे. म्हणून त्यांनी एक दाबमापक तयार केले. रबरी नळी आत ठेवून स्त्रीने स्नायू आवळले की बाहेरच्या तबकडीवरचा काटा हले, आणि तो पाहून तिला आपण बरोबर करतो की नाही हे कळे. १९४८ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे व्यायाम केगलचे व्यायाम म्हणून ओळखले जातात.

आमच्या काकूंचे दुखणे ऐन भरात असताना ही विद्या वीस-पंचवीस वर्षांची झाली होती. ती काचिगुड्याच्या माजघरात पोचली नाही, कारण ती पोचण्यासाठी आधी कोणी तरी बोलावे लागते. न बोलण्याची ही सवय किती खोल आहे हे मोजले गेले तेही मराठी मुलखात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. सरासरी प्रत्येकीला ३.६ विकार. आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. कुटुंबनियोजनापलीकडे खेड्यातील बाईच्या शरीराकडे कोणाचेच लक्ष नव्हते, हे त्या आकड्यांनी जगापुढे आणले. श्रोणितलाचा विकार हा त्यांतला एक भाग; पण मौन मात्र सर्वांवर सारखेच होते.

मौन सुटले तेव्हा काय झाले, हे मला माझ्या नोकरीतून सांगता येते. माझ्या सेवेची काही वर्षे कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या परतफेडीची देयके तपासण्यात गेली. त्यांत 'गर्भाशय काढणे' ही नोंद इतक्या वेळा येई की पुढे पुढे ती वाचताना डोळा थबकतही नसे. एका शिपायाच्या पत्नीची फाइल मला स्पष्ट आठवते. वय ३१, कारण म्हणून 'अंगावरून जाणे व ओटीपोटात जडपणा' असे लिहिलेले. मी त्या फाइलवर दोन आक्षेप काढले होते. एका पावतीवर शिक्का नव्हता आणि औषधांच्या बेरजेत चौदा रुपयांचा फरक होता. एकतीस वर्षांच्या बाईचा अवयव काढण्यापूर्वी दुसरा काही उपाय करून पाहिला का, हा तिसरा आक्षेप मला सुचला नाही. नियमांत तसा रकाना नव्हता. त्रुटींची पूर्तता झाली आणि मी देयक मंजूर केले. अशी किती मंजूर केली याची मोजदाद माझ्याजवळ नाही, आणि ती नसावी याचेच आज जास्त वाईट वाटते.

हे एका कार्यालयापुरते नव्हते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण देशात ३.२ टक्के निघाले. तेलंगणात ते ७.७ आणि आंध्र प्रदेशात ८.९ टक्के होते. पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांची शासकीय पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोडीच्या हंगामात सुट्टी घेतली की मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. डोक्यावर मोळ्या वाहावयाच्या. फडात आडोसा नाही, पाणी नाही. अशा बाईला 'पिशवी काढली की कटकट संपेल' हा सल्ला पटला तर दोष तिचा कसा मानावा? अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला, आणि न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले.

कटकट खरोखर संपते काय? स्वीडनमध्ये गर्भाशय काढलेल्या १,६५,२६० आणि न काढलेल्या ४,७९,५०६ स्त्रियांच्या नोंदी तपासून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे लघवी सुटण्यावर शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका पहिल्या गटात सुमारे २.४ पट निघाला. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध कापले जातात तेव्हा शेजारच्या मूत्राशयाचा आधारही ढळू शकतो. म्हणजे झोळी सैल झाली म्हणून आतले एक ओझे काढून टाकावे, तर झोळी आहे तशीच राहते. पाश्चात्य देशांनाही असाच एक धडा मिळाला. अंग वर उचलून धरण्यासाठी योनिमार्गे कृत्रिम धाग्यांची जाळी बसविण्याची पद्धत तेथे रूढ झाली होती. अनेक स्त्रियांना ती आत रुतून यातना झाल्या, तेव्हा अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी एप्रिल २०१९ मध्ये त्या कामासाठी अशा जाळ्यांची विक्री बंद केली. इंग्लंडात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने, स्त्रिया तक्रार करीत होत्या पण कोणी ऐकत नव्हते, असे परखडपणे नोंदविले. तेथे बायका बोलल्या, तरी ऐकणारे कान बंद होते.

या अनुभवांनंतर जग पुन्हा त्या जुन्या साध्या उपायांकडे अधिक गांभीर्याने पाहू लागले आणि या वेळी हाती भक्कम पुरावा होता. नॉर्वेतील संशोधिका कारी बो यांनी १९९९ साली १०७ स्त्रियांवर व्यायाम, विद्युत्-उत्तेजन आणि वजनाचे शंकू यांची तुलना केली. त्यांत व्यायाम सरस ठरला. २०१८ साली १४ देशांतील १,८१७ स्त्रियांच्या ३१ चाचण्यांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या स्त्रियांनी व्यायाम केला त्यांपैकी ५६ टक्के बऱ्या झाल्याचे त्यांनी सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. अंग बाहेर येण्यावर हाच उपाय २०१४ साली ४४७ स्त्रियांवर तपासला गेला. वर्षअखेर व्यायाम करणाऱ्यांचा त्रास कमी झाला होता.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर हा लेख काढ्याच्या जाहिरातीसारखा होईल. व्यायामाने सौम्य व मध्यम त्रास कमी होतो. पूर्ण बाहेर आलेले अंग तेवढ्याने आत जात नाही. तेथे हॉज यांच्या काळापासून चालत आलेल्या आणि आता सिलिकॉनच्या झालेल्या आधाराच्या कडीचा उपयोग होतो. नेदरलँड्समध्ये ४४० स्त्रियांवर कडी आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०२२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी कडीच्या गटात ७६.३ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ८१.५ टक्के स्त्रियांना आपण सुधारलो असे वाटले. परंतु कडी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी या काळात शेवटी शस्त्रक्रियाच करून घेतली. योगाचीही अशीच परीक्षा झाली. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीवर आधारलेली आसने आणि साधे ताणाचे-बळाचे व्यायाम यांची तुलना अमेरिकेत २४० स्त्रियांवर करण्यात आली. २०२४ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत लघवी सुटण्याचे प्रसंग बारा आठवड्यांत निम्म्याहून कमी झाले. योग वरचढ ठरला नाही. मला यात योगाचा कमीपणा दिसत नाही. नियमाने केलेला व्यायाम कामास येतो, नाव कोणतेही असो, एवढेच त्यातून घ्यावे. कुवलयानंदांना मोजमापाचा हा प्रामाणिकपणा आवडला असता.

इंग्लंडच्या आरोग्य-संस्थेने २०१९ साली जी मार्गदर्शिका काढली तीत खोकल्या-शिंकेबरोबर लघवी सुटणाऱ्या स्त्रीला पहिला उपाय म्हणून जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने हा व्यायाम सांगितला आहे. दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठदा आवळणे. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरावी तसे आतून वर ओढावयाचे, काही क्षण धरावयाचे, मग पूर्ण सैल सोडावयाचे. श्वास कोंडू नये, पोट व मांड्या आवळू नयेत, आणि लघवी मध्येच थांबविण्याचा रोजचा सराव करू नये. ज्यांना घाईचा त्रास आहे त्यांनी दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवीत मूत्राशयाला वळण लावावयाचे असते. मलावरोध टाळणे, खोकल्यावर उपचार घेणे, वजन आटोक्यात ठेवणे हेही त्याबरोबर आलेच. लघवीतून रक्त, जळजळ, लघवी अडणे किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव असेल तर मात्र व्यायामावर विसंबू नये. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी घरचीच एक गोष्ट सांगतो. ती सौभाग्यवतीच्या संमतीनेच लिहीत आहे. किंबहुना 'लिहा' असा तिचाच आग्रह. पन्नाशी उलटल्यावर तिने हळूहळू बसचा प्रवास टाळला, मंडळाच्या कार्यक्रमांना जाणे कमी केले. विचारले तर म्हणाली, ''गुडघे दुखतात.'' तो शब्द ऐकला आणि मला ती ट्रंक आठवली. त्या रात्री आम्ही दोघे प्रथमच या विषयावर बोललो. संसाराला तीस वर्षे झाली होती. एका खासगी रुग्णालयात पाच मिनिटांच्या तपासणीनंतर पिशवी काढण्याची तारीखही मिळाली. देयके तपासणारा माणूस त्या दिवशी माझ्यात जागा झाला आणि जो प्रश्न मी फाइलवर कधी लिहिला नव्हता तो मी विचारला, ''दुसरा काही उपाय करून पाहता येईल का?'' समाधानकारक उत्तर मिळाले नाही. आम्ही दुसऱ्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञ मुलीकडे पाठविले. पहिला महिना काहीच फरक नव्हता. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस सौ. रात्रीच्या बसने औरंगाबादला भाचीच्या लग्नाला जाऊन आली. त्रास पूर्णपणे गेला असे नाही. पण शस्त्रक्रियेची गरज आजवर पडली नाही.

आपली घराणी निजामाच्या काळापासून या शहरात आहेत. भाषा राखली, सण राखले, पंचांग राखले, शाळा आणि ग्रंथालये उभी केली. त्याबरोबर काही मौनेही आपण तितक्याच निष्ठेने राखली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. अब्रूच्या गोष्टींत ते खरे असेलही. दुखण्याच्या बाबतीत झाकल्या मुठीत दुखणेच वाढते. आपल्या घरातील कोणी आई, सासू, काकू किंवा आत्या अलीकडे देवळात येईनाशी झाली असेल, प्रवास टाळीत असेल आणि गुडघ्यांचे कारण सांगत असेल, तर तिच्याजवळ बसून एकदा हळूच विचारावे. सुनेने विचारावे, लेकीने विचारावे आणि प्रसंगी मुलानेही विचारावे. त्यात संकोच वाटेल, तो सोसावा.

मोठ्या काकूंना आम्ही विचारले नाही. त्यांच्या गुडघ्यांना मात्र शेवटपर्यंत तेल लावीत राहिलो.